दुसऱ्यांदा खुबा बदलताना

मोतीबागच्या रेल्वे कारखान्यात आयुष्यभर फिटर म्हणून काम केलेले एक काका आमच्या ओळखीचे आहेत. २००८ साली, नोकरीत असतानाच, वयाच्या ५७व्या वर्षी त्यांचा उजवा खुबा बदलण्यात आला. हाड झिजून झिजून त्यांची अशी अवस्था झाली होती की घरून कारखान्यात पोचेपर्यंत तीन ठिकाणी बसावे लागे. शस्त्रक्रिया झाली, सुट्टी संपली आणि काका चक्क सायकलवर कामावर हजर झाले! वस्तीत तेव्हा हा चर्चेचा विषय झाला होता. २०२४च्या पावसाळ्यात तोच खुबा पुन्हा उघडावा लागला.

आम्ही बाराव्या दिवशी भेटायला गेलो, तर काका भिंतीकडे तोंड करून पडलेले. काकूंनी चहा ठेवला. थोड्या वेळाने काका म्हणाले, "भाऊ, पहिल्या टायमाले बाराव्या दिवशी मी वॉकर घेऊन अंगणात फिरत होतो. आता पाहा. हिले हाक मारल्याबिगर पलंगावरून उतरता येत नाही. डॉक्टराचं काहीतरी चुकलंच असन." काकू काही बोलल्या नाहीत. त्यांचे डोळे मात्र जागरणाने लाल झालेले दिसत होते.

योगायोग असा की त्याच आठवड्यात एक माउली आपल्या २६ वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आल्या. मुलगा आयटीआय झालेला, अंगाने किडकिडीत, डाव्या पायाने लंगडत होता. त्याला लहानपणापासून सिकलसेल आहे, 'एसएस पॅटर्न'चा. डॉक्टरांनी सांगितले होते की डाव्या खुब्याचा गोळा मेला आहे, तो बदलावा लागेल. माउलींनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "एकदा केलं म्हणजे झालं ना भाऊ? पुन्हा तर नाही ना करा लागत?"

आम्ही डॉक्टर नाही. पण या प्रश्नाचे उत्तर २००८ साली काकांना कोणी नीट दिले असते, तर २०२४ साली ते भिंतीकडे तोंड करून पडले नसते, असे आम्हाला राहून राहून वाटले. म्हणून या वेळी या सदरात खुब्याची गोष्ट. पहिल्या खेपेची आणि दुसऱ्या खेपेचीही.

खुबा म्हणजे एक वाटी आणि तिच्यात फिरणारा गोळा. वाटी कमरेच्या हाडात असते, गोळा मांडीच्या हाडाच्या टोकाला. दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. ते अस्तर झिजले किंवा गोळ्याचे हाडच मेले, की हाडावर हाड घासू लागते. पहिल्या शस्त्रक्रियेत खराब गोळा कापून काढतात, मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवून त्यावर नवा गोळा लावतात आणि कमरेच्या हाडात नवी वाटी बसवतात. दुखणारी जागाच काढून टाकल्यामुळे बहुतेकांची जुनी वेदना पहिल्या काही दिवसांतच नाहीशी होते. जखम दुखते, पण ते दुखणे वेगळे. रात्री ज्याला कूस बदलता येत नव्हती तो माणूस शांत झोपतो. लोकांना चमत्कार वाटतो तो इथेच.

ही शस्त्रक्रिया आजच्या रूपात आणली इंग्लंडच्या डॉ. जॉन चार्नली यांनी. लँकेशायर परगण्यातील राइटिंग्टन या गावच्या रुग्णालयात ते काम करीत. त्यांची हकीकत मोठी सांगण्यासारखी आहे. त्यांच्याकडे एक रुग्ण आला होता. त्याला कृत्रिम गोळा बसवलेला होता, पण तो इतका करकर वाजे की त्याची बायको जेवायला त्याच्या शेजारी बसेना. चार्नली विचारात पडले की सांध्यातले घर्षण कमी कसे होईल. त्यांनी टेफ्लॉनची वाटी वापरली. टेफ्लॉन म्हणजे आजच्या न चिकटणाऱ्या तव्यावरचा लेप. रुग्ण खूश झाले आणि चालू लागले. पण दोन-तीन वर्षांत वाट्या झिजून भुगा झाला आणि त्या भुग्याने आसपासचे हाड खराब केले. सुमारे ३०० रुग्णांना त्या वाट्या बसवल्या होत्या. चार्नलींनी हात झटकले नाहीत. शरीरावर टेफ्लॉनचा काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी त्यांनी तो भुगा स्वतःच्या मांडीत टोचून घेतला आणि आपल्याच हातांनी बसवलेले ते सांधे पुन्हा उघडले.

१९६२ साली एक विक्रेता त्यांच्या कार्यशाळेत प्लास्टिकचा एक नवा तुकडा घेऊन आला. लँकेशायरच्या कापड गिरण्यांमध्ये मागाच्या दातेरी चाकांसाठी ते प्लास्टिक वापरले जात असे. एम्प्रेस मिल आणि मॉडेल मिलमध्ये ज्यांच्या बापजाद्यांनी माग चालवले, त्या आमच्या वाचकांना हे वाचून गंमत वाटेल. मागाच्या चाकात टिकणारे प्लास्टिक खुब्यातही टिकले! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चार्नलींनी ते रुग्णांना बसवायला सुरुवात केली, आणि त्याच जातीचे सुधारलेले प्लास्टिक आजही वापरले जाते. आम्ही ही हकीकत मुद्दाम सांगितली. खुबा दुसऱ्यांदा बदलणे ही नवी भानगड नाही. ज्याने ही शस्त्रक्रिया जगाला दिली, त्यालाच ती आधी पुन्हा करावी लागली होती.

आता टिकण्याचा हिशेब पाहू. २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात वेगवेगळ्या देशांच्या सांधे-नोंदवह्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात १५ वर्षांनंतर सुमारे ८९ टक्के, २० वर्षांनंतर ७० टक्के आणि २५ वर्षांनंतर ५८ टक्के खुबे जागेवर टिकून असल्याचे दिसले. हे आकडे अर्थातच जुन्या काळात बसवलेल्या सांध्यांचे आहेत. अलीकडची प्लास्टिके कमी झिजतात, म्हणून आजचे सांधे अधिक काळ टिकतील अशी आशा डॉक्टरांना आहे. पण या सरासरीत एक मोठी गोम आहे, ती वयाची. इंग्लंडमध्ये २०१७ साली असे आढळले की सत्तरी ओलांडल्यावर खुबा बदलून घेणाऱ्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांनाच हयातीत दुसरी शस्त्रक्रिया लागते. पन्नाशीच्या सुरुवातीला बदलून घेणाऱ्या पुरुषांत हेच प्रमाण कितीतरी अधिक असते. कारण सरळ आहे. तरुण माणूस अधिक चालतो, अधिक ओझे उचलतो आणि पुढे अधिक वर्षे जगतो. मग २६ वर्षांच्या मुलाचे काय?

दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया का लागते, तर कारणे अनेक. दांडा किंवा वाटी हाडातून ढिली होणे, प्लास्टिक झिजणे, गोळा वाटीतून निसटणे, जंतुसंसर्ग होणे, पडून दांड्याभोवतीचे हाड मोडणे. काकांची वाटी ढिली झाली होती. ढिली वाटी आतल्या आत हाड खात जाते आणि बरेच दिवस दुखतही नाही. काकांनी पहिली दोन वर्षे एक्सरे काढले, मग सोडून दिले. "दुखत नव्हतं तर कायले जाऊ?" हा त्यांचा सवाल. दुखू लागले तेव्हा वाटीमागची हाडाची भिंत बरीच खचलेली होती. आम्ही त्यांना त्यांच्याच भाषेत समजावू लागलो, तर काकांनीच आमचे वाक्य पूर्ण केले, "म्हणजे बुश घासला असता तर बुश बदलला असता. इथं हाउसिंगच गेलं." अगदी बरोबर! फिटर माणसाला हे आमच्यापेक्षा चांगले कळते.

दुसऱ्या शस्त्रक्रियेत आधी जुना सांधा काढावा लागतो, आणि अवघड काम तेच आहे. घट्ट बसलेला दांडा किंवा सिमेंट हाड न मोडता बाहेर काढायचे. कधी मांडीचे हाड उभे कापून झाकणासारखे उघडावे लागते आणि मग तारांनी बांधावे लागते. जिथे हाड खचले आहे तिथे हाडाचा भुगा भरायचा किंवा धातूचे तुकडे बसवायचे, मग लांब दांडा घालायचा. वेळ जास्त लागतो, रक्त अधिक जाते. एकदा कापलेले स्नायू पुन्हा कापले जातात, आणि चालताना कमरेला तोलून धरणारे स्नायूच दुबळे राहिले तर लंगडणे पूर्णपणे जात नाही. गोळा निसटण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोकाही पहिल्यापेक्षा अधिक असतो.

म्हणून बरे होण्याचे वेळापत्रकही वेगळे. पहिल्या खेपेस बहुतेकांना एक-दोन दिवसांत वॉकर घेऊन उभे करतात. सहा आठवड्यांत काठी येते आणि तीन महिन्यांत माणूस बऱ्यापैकी आपल्या कामाला लागतो. दुसऱ्या खेपेस हाड भरले असेल तर कित्येकांना सहा आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ त्या पायावर पूर्ण भार टाकू देत नाहीत. तीन महिन्यांनी काठी हातात असणे हे नापास झाल्याचे लक्षण नव्हे. सुधारणा वर्षभर, कधी त्याहूनही पुढे होत राहते. सांध्यात जंतू शिरले असतील तर मामला आणखी लांबतो. बहुतेक वेळा जुना सांधा काढून त्या जागी औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता गोळा ठेवतात, कित्येक आठवडे प्रतिजैविके देतात आणि मग नवा सांधा बसवतात. म्हणजे एकाच आजारासाठी दोनदा टेबलावर जायचे. हे आधी माहीत नसेल तर घरचे लोक खचून जातात.

आता समाधानाचे पाहू. इंग्लंडमध्ये रुग्णांना शस्त्रक्रियेआधी आणि सहा महिन्यांनी तेच १२ प्रश्न विचारतात. रात्री दुखते का, जिना चढता येतो का, मोजे घालता येतात का, बाजारहाट जमते का, लंगडता का. एकूण गुण ४८. पहिल्यांदा खुबा बदललेल्यांचे गुण सरासरी सुमारे २१ ते २२ ने वाढतात. दुसऱ्यांदा बदललेल्यांचे सुमारे १२ ते १३ ने. जवळपास निम्मेच! पण वाचकहो, हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. १२ गुण वाढणे म्हणजे रात्रीची झोप परत येणे, स्वतः आंघोळ करता येणे. ते काही थोडे नाही. शिवाय दुसऱ्या खेपेचा माणूस वयाने मोठा असतो, त्याचे हाड आणि स्नायू आधीच खर्ची पडलेले असतात.

आणि एक गोष्ट कोणत्याही एक्सरेत दिसत नाही. पहिल्या वेळी माणूस आपली तुलना शस्त्रक्रियेआधीच्या असह्य वेदनेशी करतो. दुसऱ्या वेळी तो तुलना करतो आपल्याच पहिल्या शस्त्रक्रियेशी, त्या सायकलवरच्या दिवसांशी. काकांचे तसेच झाले होते. त्यांच्या डॉक्टरांचे काही चुकले होते असे आम्हाला कागदपत्रांवरून दिसले नाही. चुकली होती ती अपेक्षा, आणि ती दुरुस्त करायला कोणी त्यांच्याजवळ अर्धा तास बसले नव्हते.

एक आमचे मतही सांगून टाकतो. त्या इंग्रजी १२ प्रश्नांत पालथी घालण्याचा, उकिडवे बसण्याचा प्रश्नच नाही. आमच्याकडे तोच पहिला प्रश्न! देशी संडास, जमिनीवरची पंगत, विहारात वंदनेला बसणे, दारात बसून भाजी निवडणे, हे सारे जमिनीवरचे आयुष्य आहे. रुग्णाला विचाराल तर तो दुखणे गेले म्हणून खूश असतो, पण खाली बसता येत नाही म्हणून मनातून कुढत असतो. एक आजी खुबा बदलल्यापासून विहारात येईनाशा झाल्या. का, तर सगळे खाली बसतात आणि आपण खुर्चीवर कसे बसायचे! खुर्ची मागायला लाज कसली? विहाराच्या कार्यकारिणीने चार खुर्च्या भिंतीशी कायम ठेवल्या तर कोणाला मागण्याची पाळीच येणार नाही.

आता त्या मुलाकडे वळू. पाश्चात्त्य देशांत खुबा बदलणारे बहुतेक साठी-सत्तरीचे, सांधा झिजलेले. आपल्याकडे मात्र गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून हाड मेलेले तरुण रुग्ण मोठ्या संख्येने असतात. दारू आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे ही त्याची ठळक कारणे आहेत. कोरोनाच्या साथीनंतर, २०२१ साली, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी अशा तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. विदर्भात यात सिकलसेलची भर पडते. १९५८ साली डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलबद्दल लॅन्सेटमध्ये लिहिले, तेव्हापासून आपल्या वस्त्यांचे नाव या आजाराशी जोडले गेले आहे. आदिवासी बांधवांत तो आहे, आपल्यात आहे आणि इतरही समाजांत आहे. ज्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे तो रुजला. त्यात कोणाचा दोष नाही आणि कोणाची लाजही नाही. नागपूरचे संपत रामटेके यांनी या रुग्णांसाठी संघटना उभी केली आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२३ साली केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. पण या सगळ्या चर्चेत रक्त, तपासणी, लग्नाआधीची पत्रिका हेच विषय येतात. खुबा मागे पडतो.

विळ्याच्या आकाराच्या पेशी खुब्याच्या गोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडाला रक्त मिळत नाही, ते मरते आणि भाराखाली चेपते. दुखणे जांघेत सुरू होते. कित्येकदा ते गुडघ्यात जाणवते, गुडघ्याचा एक्सरे चांगला येतो आणि महिने वाया जातात. सिकलसेलच्या मुलाला सगळीकडेच दुखत असते, त्यामुळे घरचे म्हणतात, "त्याचं नेहमीचंच आहे." या मुलाच्या बाबतीत असेच दीड वर्ष गेले. एसएस पॅटर्नच्या मुलाला जांघेत किंवा गुडघ्यात सतत दुखत असेल, मांडी आत-बाहेर फिरवताना कळ येत असेल, तर खुब्याची तपासणी मागून घ्यावी. सुरुवातीला साध्या एक्सरेत काही दिसत नाही, एमआरआयत दिसते. गोळा चेपण्याआधी समजले तर काठी, व्यायाम आणि काहींच्या बाबतीत हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करण्याची छोटी शस्त्रक्रिया, असे उपाय असतात. हायड्रॉक्सियुरियाने दुखण्याचे झटके कमी होतात, मात्र मेलेले हाड त्याने जिवंत होत नाही. जे नुसते वाहक आहेत, म्हणजे एएस पॅटर्नचे, त्यांना सहसा हा त्रास होत नाही.

आणि माउलींच्या प्रश्नाचे उत्तर? आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले की बहुधा पुन्हा करावे लागेल. २६व्या वर्षी बसवलेला खुबा ७०व्या वर्षापर्यंत टिकेल असे धरून चालता येत नाही. इंग्लंड-वेल्सच्या नोंदवहीनुसार दुसऱ्यांदा बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे २१ टक्के १५ वर्षांच्या आत पुन्हा बदलावे लागले. तिसऱ्या शस्त्रक्रियेनंतर तेवढेच प्रमाण सात वर्षांतच गाठले गेले. म्हणजे प्रत्येक खेपेस आयुष्य कमी होत जाते. माउली रडल्या. मुलगा मात्र शांत होता. तो म्हणाला, "म्हणजे हिशेबानं वापरा लागन."

मग पहिली लांबणीवर टाकावी का? हाड आधी असेल आणि निभत असेल तर टाकावी. पण गोळा चेपला आहे, रात्रभर झोप नाही, नोकरी सुटली आहे, स्नायू वाळत चालले आहेत, अशा मुलाला "चाळीशीनंतर बघू" म्हणून बसवून ठेवणे आम्हाला पटत नाही. त्याची तारुण्याची वर्षे परत कोण देणार? सिकलसेलच्या रुग्णांत पूर्वी या शस्त्रक्रियेचे निकाल वाईट असत. सिमेंटविना बसवल्या जाणाऱ्या सांध्यांनी आणि आधीच्या तयारीने ते सुधारले आहेत. तयारी महत्त्वाची आहे. भूल देण्याआधी रक्त चढवायचे की नाही हे रक्तविकाराच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावे. शस्त्रक्रियेच्या काळात शरीरातले पाणी कमी होऊ नये, अंग गार पडू नये, प्राणवायू कमी पडू नये. जिथे हाडाचा डॉक्टर आणि रक्ताचा डॉक्टर एका छताखाली आहेत तिथेच ही शस्त्रक्रिया करावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. या रुग्णांच्या हाडाची पोकळी कित्येकदा अरुंद आणि कठीण झालेली असते. तेव्हा असे खुबे आधी केलेल्या डॉक्टरांचाच शोध घ्यावा.

खर्चाचे थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. आपला उपचार त्या यादीत आहे का, तो कोणत्या रुग्णालयात होतो आणि कोणता सांधा मिळतो, हे आरोग्यमित्राला भेटून आधीच विचारावे. दुसऱ्या शस्त्रक्रियेचे सामान महाग असते, तेव्हा हा प्रश्न तिथे अधिकच विचारावा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढायला आळस करू नये.

आता एका कागदाची गोष्ट. २०१० साली जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू या कंपनीने धातूवर धातू फिरणारा आपला एएसआर नावाचा खुबा जगभरातून परत बोलावला. तो झिजून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण रक्तात जात होते आणि दुसरी शस्त्रक्रिया लवकर लागत होती. भारतात असे सुमारे ४,७०० खुबे बसवले गेले होते. केंद्राने नेमलेल्या समितीने २०१८ साली किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली, पण त्यातल्या बहुसंख्य रुग्णांचा पत्ताच लागेना! कित्येकांना आपल्या शरीरात कोणत्या कंपनीचा सांधा आहे हेच ठाऊक नसते. सांध्याच्या खोक्यावर एक स्टिकर असतो. त्यावर कंपनी, माप आणि क्रमांक असतो. तो डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागा, त्याच्या दोन प्रती काढा आणि एक रेशनकार्डासोबत ठेवा. दुसऱ्या वेळी डॉक्टरांना जुन्या दांड्याचे माप माहीत असले तर काढण्याची अवजारे आधी मागवता येतात. काकांचा २००८ चा कागद घराच्या रंगरंगोटीत गेला होता.

घरच्यांसाठी दोन शब्द. उंच पलंग, हात टेकता येणारी खुर्ची आणि संडासात कमोडची खुर्ची, ही तयारी रुग्ण घरी येण्यापूर्वी व्हावी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते, आमच्याकडे निम्मे लोक उलटी धरतात. दर काही वर्षांनी, दुखत नसले तरी, एक्सरे काढावा. ढिलेपणा लवकर कळला तर दुसरी शस्त्रक्रिया सोपी होते. आणि सेवा करणाऱ्या बाईलाही रात्रीची झोप मिळावी, म्हणून मुला-सुनांनी पाळ्या लावाव्यात. काकूंच्या घरी ते जमत नव्हते. मुलगा पुण्याला होता. आम्ही मग शेजारच्या दोन मुलांना रात्री आळीपाळीने झोपायला पाठवले, तेव्हा कुठे त्या बाईंची पाठ जमिनीला टेकली.

काका आता बरे आहेत. शस्त्रक्रियेला नऊ महिने झाल्यावर ते काठी घेऊन आठवडी बाजारापर्यंत गेले. थोडे लंगडतात. सायकल त्यांनी नातवाला देऊन टाकली. देताना मन जड झाले, असे काकू सांगत होत्या. त्या मुलाची शस्त्रक्रिया या हिवाळ्याआधीच झाली, थंडीत त्याचे दुखणे वाढते म्हणून. रुग्णालयातून सुट्टी मिळाली त्या दिवशी त्याने आम्हाला फोन केला आणि सर्वांत आधी सांगितले की स्टिकर घेतला आहे, दोन प्रतीही काढल्या आहेत. पुढच्या रविवारी काका त्याला भेटायला जाणार आहेत.